सगळ्यांच्या वाट्याचं जस्त

माझ्या आयुष्यात मी एकदाच तज्ज्ञ झालो होतो, आणि तेही कुठल्या पदवीशिवाय. २००३ ते २००६ अशी साधारण तीन वर्षं, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात कुणा मराठी माणसाला शिंक आली की सगळे माझ्याकडे बघायचे. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, लोक तुझ्याकडे बघायचे ते तू उठून इकडे येतोयस का, एवढंच पाहायला.

सुरुवात डे-केअरपासून झाली. आमची मुलगी तीन वर्षांची होती आणि दर पंधरा दिवसांनी नवी सर्दी घेऊन घरी यायची. ती सर्दी आधी बायकोला, मग मला, आणि माझी बरी होईतो पोरीची पुढची तयार. त्या हिवाळ्यात एक दिवस बर्फामुळे ऑफिस बंद होतं. मी नाकाला टिश्यू लावून कॉम्प्युटरसमोर बसलो आणि संध्याकाळपर्यंत मला सत्य सापडलं. सत्याचं नाव झिंक. म्हणजे आपलं जस्त.

माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. रोज आठ तास दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणाऱ्या माणसाला हळूहळू स्वतःचं काही चुकेल असं वाटेनासंच होतं. त्यामुळे मी जे वाचलं ते मला लगेच पटलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तयार व्हायला आणि कामाला लागायला जस्त लागतं. लोह कमी पडलं तर माणूस थकतो आणि आजाराला लवकर बळी पडतो. सेलेनियम लागतं, तांबं लागतं, मॅग्नेशियम लागतं, सगळं चिमूटभर पण रोज. हे सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे. फक्त मी पान अर्धंच वाचलं. माउसचं चाक आणखी दोनदा फिरवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तेवढ्यात पोरीने हाक मारली आणि मी उठलो, अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन.

मग एक्सेल शीट आली. आमच्यासारख्यांचं घर एक्सेलशिवाय चालत नाही. डाव्या बाजूला खनिजं, वर घरातली माणसं, आणि प्रत्येक चौकटीत कुणी काय किती खाल्लं. जेवणावर चहा बंद झाला, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. सेलेनियमसाठी ब्राझील नट, माणशी रोज एकच, तोही मी स्वतःच्या हाताने द्यायचो. मटकी भिजवून मोड आणूनच खायची, कारण मोड आले की कडधान्यात अडकलेलं जस्त मोकळं होतं. हे मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मटकीचं फडकंच पिळत होती.

"माझ्या आईला हे आधीपासून माहीत होतं," ती म्हणाली. "तिने फक्त त्याचं एक्सेल नाही केलं."

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. जेवण सुधारलं होतं, पोरगी तिळाची चटणी खायला लागली होती. तिथेच थांबलो असतो तर आज मला लोकांनी शहाणा म्हटलं असतं. पण मला जेवणाचा भरवसा वाटेना. मटकीत किती जस्त आहे ते मटकीवर छापलेलं नसतं ना! गोळीवर असतं. त्या घाऊक मालाच्या दुकानात, जिथे आम्ही सगळे शनिवारी बदाम आणि टॉयलेट पेपर आणायला जायचो, तिथे जस्ताच्या मोठमोठ्या बाटल्या मिळायच्या. गोळी पन्नास मिलिग्रॅमची. माणसाला दिवसाला लागतं दहा-अकरा मिलिग्रॅम, हे मी वाचलं होतं. मला वाटलं, व्वा, म्हणजे एका गोळीत पाच दिवसांचं काम! अकलेचे तारे तोडायला आकाश लागत नाही, एक दुकान पुरतं.

२००४ च्या डिसेंबरात आम्ही भारतात गेलो. तोपर्यंत आमची रीत अशी होती की जाताना चॉकलेटं, परफ्यूम, बदाम आणि लोशनच्या बाटल्या न्यायच्या. मी जाहीर केलं की या वेळी असला फालतूपणा नाही. या वेळी आरोग्य न्यायचं. बायको म्हणाली, "अरे, आत्यांना चॉकलेट आवडतं." मी म्हणालो, "आत्याला चॉकलेट नाही, झिंक कमी पडतंय." आत्याचा कुठलाही रिपोर्ट मी पाहिलेला नव्हता. तरी सात बाटल्या बॅगेत गेल्या, आणि कुणाची कुठली यात घोटाळा नको म्हणून मी प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलं. आत्या. मोठे मामा. मामी. शेजारचे काका. असं सगळ्यांचं, आणि एक बाबांची.

बाबा सांगलीला एकटेच राहायचे. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबांची नोकरी माती परीक्षण प्रयोगशाळेत झाली. शेतकरी पिशवीत शेतातली माती घेऊन यायचे आणि बाबा ती तपासून काय कमी, काय जास्त ते सांगायचे. ऊस पिवळा पडला की शेतकरी म्हणायचा, साहेब, सरळ झिंक सल्फेट टाकतो की. बाबा म्हणायचे, आधी माती तपासू, मग बघू. तीस वर्षं त्यांनी हे एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं, कधी समजावून आणि कधी खेकसून.

तर त्या डिसेंबरात सगळे नातेवाईक आमच्या हॉलमध्ये जमले आणि मी बाटल्या वाटल्या. वाटताना भाषण दिलं, पांढऱ्या पेशींसकट. आत्याने बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "यात खायचं काही नाही का?" सगळे हसले. बाबांनी मात्र चष्मा लावून लेबल वाचलं.

"पन्नास? आणि लागतं किती?"

"दहा-अकरा. पण बाबा, जास्त झालेलं शरीर बाहेर टाकतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! हे मी कुठेही वाचलेलं नव्हतं. बोलता बोलता सुचलं आणि मी म्हणून टाकलं.

"मातीत तरी तसं होत नाही," बाबा म्हणाले. "एक वाढवलं की दुसरं अडतं."

"बाबा, माणूस म्हणजे काय माती आहे का?"

मोठे मामा खो खो हसले. बाकीचेही हसले. मला वाटलं, मी फार हजरजबाबी आहे.  बाबांनी स्वतःची बाटली उचलली आणि फडताळात नेऊन ठेवली.

परत आल्यावर मी दर रविवारी सकाळी फोन करायचो. कॉलिंग कार्डचा लांबलचक नंबर दाबायचा, मग सांगलीचा, आणि बाबांनी उचलला की माझा पहिला प्रश्न, "गोळ्या घेतल्या ना?" "घेतल्या," बाबा म्हणायचे. "आणि आत्या? मामा?" "हो रे, सगळ्या संपतायत वेळेवर. आत्याचा खोकला गेला बघ. मामांना तर फारच फरक आहे." मी फोन ठेवून बायकोकडे असा बघायचो की जणू सांगली जिल्हा मीच वाचवला. मग आमच्याकडून जो कुणी पुण्या-मुंबईला जाईल त्याच्या बॅगेत मी आणखी बाटल्या कोंबायचो. पट्ट्या लावून. लोक मला बिचकून सुट्टीच्या तारखा सांगेनासे झाले होते, तरी मला काही कळलं नाही.

२००६ च्या ऑगस्टमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. विमानतळावर मी त्यांना ओळखलं, पण एका क्षणाने उशिरा. खूप वाळले होते. तोंडात फोड आले होते, त्यामुळे तिखट काही खाववत नव्हतं. जिना उतरताना ते दोन्ही हातांनी कठडा धरायचे आणि पाऊल टाकण्याआधी पायाकडे बघायचे. बायको म्हणाली, "अरे, बाबा बरे दिसत नाहीत." मी म्हणालो, "प्रवासाचा शीण गं. आणि तिकडे खाण्याकडे लक्ष नसणार. इथे मी बघतो." मी बघितलं म्हणजे काय केलं? दिवसाला एका गोळीच्या दोन केल्या, आणि चघळायच्या झिंकच्या वड्या वेगळ्या. बाबा निमूटपणे घ्यायचे. नातीने एकदा विचारलं, "आजोबा, डू यू लाइक दोज?" तर म्हणाले, "तुझ्या बाबाला आवडतात."

गणपतीत त्यांना ताप आला आणि जाईना. मग खोकला. मराठी मंडळाच्या गणपतीला शाळेच्या कॅफेटेरियात दोनशे माणसं आरतीला उभी आणि बाबा मागे खुर्चीवर, स्वेटर घालून, सप्टेंबरात कुडकुडत. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये नेलं. छातीत न्यूमोनिया निघाला. त्याची औषधं सुरू झाली, पण रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. हिमोग्लोबिन फार कमी होतं आणि पांढऱ्या पेशी तर जवळजवळ नव्हत्याच. त्या म्हणाल्या, रक्ताच्या तज्ज्ञाला दाखवा, कदाचित हाडातला मगज काढून तपासावा लागेल.

त्या दिवशी मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसलो, आणि या वेळी पान शेवटपर्यंत वाचलं. वाचू नये ते सगळं वाचलं. या वयात, असं रक्त, म्हणजे कॅन्सरही असू शकतो. मला आईचा शेवटचा महिना आठवला. बाबांना काही सांगितलं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो, आणि बाहेर येऊन, खरं सांगतो, त्यांना आणखी एक गोळी दिली. पांढऱ्या पेशी वाढायला.

आमच्या गावात एक निवृत्त डॉक्टर काका होते. सत्तरच्या दशकात आलेले, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारे. तज्ज्ञाची अपॉइंटमेंट आठवड्याने होती, म्हणून बायकोने त्यांना बोलावलं. मी नको म्हणत होतो, कारण मंडळात एकदा मी त्यांनाही झिंक समजावून सांगितलं होतं.

काकांनी बाबांना पलंगावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि पायाचा अंगठा धरून हलवला. "वर की खाली?"

"वर," बाबा म्हणाले. अंगठा खाली होता.

"आता?"

"खाली." तो तर काकांनी हलवलाच नव्हता. मी मागून म्हणालो, "काका, ते जरा थकलेत." काका म्हणाले, "तुला विचारलं का?"

मग त्यांनी औषधं विचारली. मी धावत जाऊन एक्सेलचा प्रिंटआउट आणला. रंगीत. काकांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि माझ्याकडे बघितलं.

"तू कुठल्या मेडिकल कॉलेजचा रे?"

 बायको चक्क "कुठल्याच नाही" म्हणाली.

काकांनी मग शांतपणे समजावलं. जस्त फार झालं की ते आतड्यातच तांब्याची वाट अडवतं. कितीही खाल्लं तरी तांबं अंगात शिरत नाही. आणि तांब्याशिवाय रक्त बनत नाही, पांढऱ्या पेशी बनत नाहीत, पायांच्या नसा बधिर होतात. "प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून तू ती मुळातून खणून काढलीस रे," ते म्हणाले. "कॅन्सर असेलच असं नाही. आधी तांबं आणि जस्त तपासू."

मला हसावं की रडावं कळेना. बाबांकडे बघायची तर हिंमतच नव्हती. बाबांनी दोन वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं, एका वाक्यात, आणि मी त्यांना भर हॉलमध्ये हसण्यावारी नेलं होतं.

काका मात्र अजून कागदाकडे बघत होते. "याप्रमाणे सांगलीत रोज एकच गोळी. एकीने इतकं होणं कठीण आहे. तिकडे किती घेत होतात?"

"होत असतील एक-दोन जास्त," बाबा म्हणाले.

"नक्की सांगा."

"पाच. कधी सहा."

"अहो, का पण?"

बाबांनी गादीची चादर सारखी केली. "घरात होत्या," ते म्हणाले. 

काकांचं खरं निघालं. जस्त चढलेलं, तांबं तळाला. तज्ज्ञांनी मगजाची तपासणी लांबणीवर टाकली, माझ्या सगळ्या बाटल्या बंद केल्या आणि तांबं सुरू केलं. महिना-दीड महिन्यात पेशी वर यायला लागल्या. तोंडातले फोड गेले, बाबा हिरव्या मिरचीचा ठेचा मागायला लागले. मी इतका हरखलो की इंडियन स्टोअरमधून तांब्याचे चार लोटे आणले आणि घरात सगळ्यांनी यातलंच पाणी प्यायचं, असा हुकूम काढला. काका आले, त्यांनी लोटे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अति तिथे माती! तुला काही म्हणजे काही कळत नाही का रे?" बायकोने त्याच दिवशी लोट्यांत मनी प्लांट लावले. तेव्हापासून आमच्या घरी खनिजं ताटातून येतात. तीळ, शेंगदाणे, डाळी, मोड आलेली मटकी. मी जेवतो आणि गप्प बसतो.

पाय मात्र तितके सुधारले नाहीत. रक्त लवकर भरून येतं, नसांचं तसं नसतं, असं काकांनी आधीच सांगितलं होतं. काठी घेऊन बाबा बरे चालायचे, पण घोट्याखाली त्यांना फारसं काही कळत नव्हतं. एकदा स्लिपर बाहेर राहिली आणि बर्फात एक पाऊल अनवाणी टाकून आले, तर मागे ओला ठसा बघून त्यांना समजलं.

जानेवारीच्या शेवटी त्यांची जायची तयारी सुरू झाली. मी त्यांची मोठी बॅग उघडली, आणि तळाच्या कप्प्यात टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्या लागल्या. आत्या. मोठे मामा. मामी. शेजारचे काका. माझं अक्षर, माझ्या पट्ट्या. दोन रिकाम्या, दोन अर्ध्या. मी सांगलीला नेलेल्या बाटल्या अमेरिका बघायला परत आल्या होत्या.

बाबा दारात उभे होते.

"कुणीच घेत नव्हतं रे," ते म्हणाले. "आत्याला मळमळायचं. मामांनी बाटली उघडलीसुद्धा नाही. एकेकाने आणून माझ्याकडे दिल्या. म्हणाले, पोराने एवढ्या प्रेमाने आणल्यात, टाकवत नाहीत, तुम्हीच बघा काय ते."

"मग टाकायच्या ना बाबा!"

"तू दर रविवारी विचारायचास, गोळ्या घेतल्या का? मी म्हणायचो, घेतल्या. मग घ्यायला नकोत का?"

"सगळ्यांच्या?"

"तू सगळ्यांचंच विचारायचास."

 मी खाली बसलो, बॅगेची कड धरून. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, एक वाढलं की दुसरं अडतं?"

"मातीचं माहीत होतं," बाबा म्हणाले. "शंका यायची. मग वाटायचं, तू एवढा शिकलेला, तिकडे राहतोस, वाचून सांगत असशील." आणि मग जरा हसून, "आत्याचा खोकला गेला ते मात्र मी मनाने घातलं होतं. तिचा अजून आहे."

दुसऱ्या दिवशी बोस्टनच्या विमानतळावर मी त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवली. ढकलणारा माणूस आला, पासपोर्ट-तिकिटं बाबांच्या मांडीवर ठेवली. नात गळ्यात पडली, बायकोने नमस्कार केला. मी वाकलो आणि त्यांच्या पायांवर दोन्ही हात ठेवले. मोज्यांवरून. माफी मागायची होती, ती तोंडाने मागता येईना म्हणून हात बराच वेळ तसेच ठेवले, चांगले दाबून. बाबा समोरच्या बोर्डावर आपलं विमान शोधत होते.

मग घड्याळ बघून म्हणाले, "चल, नमस्कार कर आणि नीघ. उशीर होईल तुला."